शेवटच्या टेबलावरचा उशीर

“गोष्ट पुरे, मॅडम. नाव सांगा,” सयाजीराव म्हणाले.

मधुमिता थांबली. समोर पॅकिंगच्या बावीस बायका बसल्या होत्या, बहुतेक म्हैसूरच्याच जुन्या मराठी घरांतल्या. त्यांच्या मागे अगरबत्त्यांचे ट्रे रांगेनं ठेवलेले होते. कारखान्यातून माल उशिरा का निघतो, हे शोधायला मालक सयाजीरावांनी तिला बोलावलं होतं. उत्तर मात्र त्यांनी आधीच ठरवलं होतं: शेवटच्या टेबलावरची तुंगा. मधुमिताच्या अहवालात ते नाव आलं, की तुंगाची एकोणीस वर्षांची नोकरी संपणार होती.

मधुमितानं तीन आठवडे घड्याळ घेऊन प्रत्येक लॉटची नोंद केली होती. सुगंधी तेलात बुडवून वाळवलेला लॉट सयाजीरावांची वाट पाहत सरासरी सव्वीस तास पडून राहायचा. घरच्या माणसानं वास घेतल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, ही त्यांच्या आजोबांपासूनची रीत. त्यानंतर तुंगाच्या टेबलावर आणखी सहा तास जायचे. सव्वीस तासांचं कारण उघड होतं. सहा तासांचं तिला कळलं नव्हतं. विचारलं, की तुंगा म्हणायची, माझा हातच हळू आहे. हात हळू नव्हता. तेही मधुमितानं मोजलं होतं.

आलेख दाखवला तर या बायका माना डोलावतील आणि गप्प राहतील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं गोष्ट रचली होती.

“गोष्ट संपली की सांगते, सर.”

सयाजीराव बायकांकडे बघून हसले. “सुम्ने, उगाच. इंजिनिअर म्हणून बोलावलं, ह्या तर हरिकथा करायला लागल्या.”

मधुमितानं पुढे सुरू केलं. म्हैसूरजवळ, वरुणाकडच्या एका गावात दुधाची डेअरी आहे. बायका पहाटे पाचला दूध आणतात. कॅन टेम्पोत चढायला मात्र दहा वाजतात. कारण प्रत्येक कॅनमधलं दूध चेअरमन स्वतः चाखतात, आणि चेअरमन उठतात आठला.

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. सयाजीरावांचं हसू गेलं.

चाखून झाल्यावरही कॅन शेवटच्या बाईपाशी अडतात, मधुमिता म्हणाली. गाव म्हणतं, बाई आळशी आहे. ती खरंच का थांबते, ते मलाही माहीत नाही. पुढची गोष्ट तुमच्यापैकी कुणीतरी सांगा.

चेअरमनला गोष्टीतून काढून टाका, असं सयाजीरावांनी बजावलं.

“नाही काढणार,” मधुमिता म्हणाली. “त्यांना काढलं तर गोष्ट खोटी होते. खोट्यावर मी सही करत नाही.”

ते काही बोलायच्या आत तुंगा उभी राहिली. शेजारणीनं तिचा हात धरून ओढला, बस गं तुंगाक्का म्हणाली. तुंगानं हात सोडवून घेतला.

ती सावकाश सांगत गेली. साथीच्या वर्षी चेअरमनना ताप आला होता. त्यातून ते वाचले, पण जिभेची चव गेली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घरची रीत मोडेल याची भीती असेल. मग एके दिवशी एक कॅन आंबला होता. चेअरमननी चाखला आणि छान म्हणाले. बाईला वाटलं, माणूस आहे, चुकलं असेल. पुढच्या आठवड्यातही तसंच झालं. तेव्हापासून ती बाई चेअरमननी पास केलेला एकेक कॅन पुन्हा चाखते. नासका निघाला तर गुपचूप मागे पाठवते. डेअरीचं नाव जाऊ नये म्हणून. आणि चेअरमनचंही.

“म्हणून तिला उशीर होतो,” तुंगा म्हणाली.

आता कुणी हसलं नाही. मधुमिताला सहा तासांचा हिशेब लागला. हे कोणत्याही घड्याळात दिसलं नसतं.

सयाजीरावांनी जवळच्या ट्रेमधली एक काडी उचलली. नाकाशी नेली. डोळे मिटून श्वास घेतला, परत घेतला. काडी नाकाशी तशीच राहिली. खोलीतल्या तेवीस बायका त्यांच्याकडे बघत होत्या.

“त्या बाईनं हे चेअरमनना कधी सांगितलं नाही का?” त्यांनी विचारलं. आवाज जेमतेम ऐकू आला.

तुंगा अजून उभीच होती.

“आत्ता सांगितलं, राव.”