देवाच्या दिवसांतला जन्म

“माझा जन्म तेराव्या महिन्यातला,” वर्कनेश आजींनी सांगितलं, पण संगणक ते काही घेईना. अदिस अबाबातला मंडप खच्चून भरला होता, समोर पंतप्रधान बसले होते आणि नव्या यंत्रणेतलं पहिलं ओळखपत्र आजींनाच मिळायचं होतं.

इथिओपियात वर्षाअखेरीस पाच-सहा दिवसांचा तेरावा महिना येतो, जणू दरवर्षी भेटणारा छोटासा अधिक मास. परदेशात शिकलेल्या तंत्रज्ञानमंत्री बाईंनी मात्र सारी यंत्रणा बाराच महिने धरून बसवली होती.

संगणकापाशी बसलेला त्यांचा सचिव कुजबुजला, “आजी, बारावा टाकतो. कोणाला कळतंय?”

“मला कळतंय ना!” आजी कडाडल्या. “आईनं मला देवाच्या दिवसांत जन्म दिला. शपथेवर खोटं सांगू? ते कार्ड मग दुसऱ्याच कुणाचं तरी!”

आता समारंभ मोडला तर पद राहणार नाही, हे मंत्रीबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी माइक हातात घेतला. “आजींचं खरं आहे, चूक माझी आहे. ती दुरुस्त होईपर्यंत एकही ओळखपत्र निघणार नाही.”

महिन्याभरात पद गेलं. आजी पत्ता विचारत विचारत त्यांच्या घरी थडकल्या.

“खुर्ची गेली म्हणे, पोरी?”

“गेली, आजी.”

“माझ्यापायी?”

“छे हो, माझ्याच चुकीपायी.”

“मग आता काय करणार?”

“नव्या मंत्र्यांकडे साध्या इंजिनिअरची नोकरी मागितली होती,” बाई हसल्या. “काल मिळाली. तुमचा महिना मला माझ्या हातानं घालायचाय.”