फाटका आवाज

"अजून फाटायला पाहिजे," प्रमोदिनी म्हणाली.

शिवशरणनं तारांना डाक द्यायची तापलेली सळई खाली ठेवली. धाराशिवच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आवाज स्वच्छ करून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं त्याला रोजचीच. फाडून द्या म्हणणारी ही पहिलीच.

"ताई, चांगला ट्रान्झिस्टर देतो की. ह्यो पार मेल्यात जमा हाय."

"तसलाच द्या. जितका खराब तितका बरा."

भंगारातला तो ट्रान्झिस्टर, दोन कंडेन्सर, बॅटरीचा एक सेल आणि दारावरच्या घंटीचं जुनं बटन, एवढा ऐवज पावडरच्या डब्यात बसवून, बटन तेवढं लांब तारेवर बाहेर काढून ती घरी आली. गिटारची तार डब्यात, डब्याची तार रेडिओत. बटन पायानं दाबून धरलं की गोड सूर कागद फाडल्यासारखा फाटायचा. पाय उचलला की पुन्हा गोड. पोरगी खूश झाली.

गिटार वडिलांनीच आणलेली. वसंतराव कोर्टात कारकून. निजामाचं राज्य गेलं, पुढं हैदराबाद राज्यही मोडलं, तेव्हा बदली होऊन गावाकडं येताना लोकांनी भांडीकुंडी आणली, ह्यांनी लेकीसाठी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार आणली. तीही सपाट फळीची. रेडिओला जोडल्याशिवाय तिचा आवाज शेजारी बसलेल्यालाही येत नसे.

आता त्याच गिटारनं घात केला होता. वसंतरावांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, तुळजापूरचं स्थळ आणलं होतं. नारायणरावांच्या घरी दर मंगळवारी देवीपुढं गाणं-वाजवणं चालायचं. त्यांना सून वाजवणारी हवी होती, शिकणारी नको होती. आणि औरंगाबादच्या कॉलेजात प्रमोदिनीचं नाव लागलं होतं.

"अण्णा, तुम्ही आत्याला नाही म्हणा ना," तिनं एकदा विचारून पाहिलं.

"आक्कांना?" वसंतराव दचकलेच. "आई गेल्यावर मला त्यांनी वाढवलंय. तुझी आई गेल्यावर तुला. त्यांच्यापुढं आजवर माझं तोंड उघडलं नाही गं."

ते खरंच होतं. कोर्टात वकिलांना गप्प बसवणारा हा माणूस आक्कांपुढं पाणी मागतानासुद्धा चाचरत असे. प्रमोदिनीला त्यांचा राग आला, आणि राग आला म्हणून वाईटही वाटलं. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

मुद्दाम चुकीचं वाजवायची सोय नव्हती. आक्कांचा कान पक्का. बोट इकडचं तिकडं झालं तर त्यांना भिंतीपलीकडून कळायचं. म्हणून हा डबा. बोटं बरोबर, सूर फाटका, दोष रेडिओचा.

पाहुणे येणार त्या सकाळी ती तारा लावत होती, तेवढ्यात वसंतराव आत आले.

"हे काय गं?"

"रेडिओची खरखर काढायचं यंत्र आहे, अण्णा."

त्यांनी पायाच्या अंगठ्यानं बटन दाबलं. सहज तारेवर टिचकी मारली. रेडिओ भसाड्या आवाजात ओरडला. त्यांनी पाय काढला.

"बरं केलंस," असं म्हणून ते अंघोळीला गेले. प्रमोदिनीनं सुटकेचा निःश्वास टाकला. अण्णांना विजेतलं काही कळत नाही, हे किती बरं!

तिनं खुर्ची मांडली, बटन खुर्चीच्या पुढच्या पायाशी सतरंजीखाली सरकवलं. सगळं ठाकठीक.

दुपारी नारायणराव पत्नीला घेऊन आले. मुलगा कामात होता म्हणून आला नव्हता. आला असता तरी त्याला विचारणार कोण होतं? चहापोहे झाले. प्रमोदिनी गिटार घेऊन खुर्चीकडं वळली.

"खुर्चीवर कुठं बसतीस?" आक्का म्हणाल्या. "दाखवायची मुलगी वडीलधाऱ्यांपुढं खुर्चीवर बसती का? खाली बस, मांडी घालून. ये, इथं माझ्याजवळ."

प्रमोदिनीनं खुर्चीच्या पायाकडं एकदा पाहिलं. सगळा विचार केला होता, एवढाच राहिला होता. ती आक्कांच्या पुढ्यात बसली. पाय मांडीखाली अडकले, बटन हातभर मागं राहिलं.

दाराशी उभे असलेले वसंतराव पुढं आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले. "गुडघे धरलेत हो," असं कुणीही न विचारता त्यांनी सांगितलं.

तिनं आरतीची चाल धरली. रेडिओतून सूर निघाला तो मधासारखा. नारायणरावांनी डोळे मिटले. त्यांची पत्नी हसली. आक्कांची मान अभिमानानं डोलू लागली. चुकवावं एखादं बोट, असं प्रमोदिनीच्या मनात आलं, पण हात ऐकेनात. आवडत्या वाद्यावर खोटं वाजवणं तिला जमेना. औरंगाबाद दूर दूर जाऊ लागलं. तिचे डोळे भरून आले.

"वा! अगदी आमच्या—" नारायणराव म्हणाले.

आणि सूर टराटरा फाटला.

नारायणरावांनी कानांवर हात ठेवले. आवाज थांबला, पुन्हा गोड झाला. ते जरा सावरून बसले, तोच परत फाटला, आणि या वेळी फाटतच राहिला. आक्का प्रमोदिनीच्या बोटांकडं टक लावून बघत होत्या. बोटं बिनचूक होती.

"राहू द्या, वसंतराव," नारायणराव उठत म्हणाले. "मुलगी गुणी आहे. पण हे असलं यंत्राचं वाद्य आमच्या देवीपुढं चालायचं नाही."

"दैव!" आक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या. "दुसरं काय म्हणायचं! जाऊ दे, शिकू दे पोरीला."

प्रमोदिनी गोंधळून गेली होती. तिचे दोन्ही पाय अजून मांडीखालीच होते. तिनं हळूच मागं वळून पाहिलं.

वसंतराव वरच्या तुळईकडं अगदी भाबडेपणानं बघत होते, आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सतरंजीच्या उंचवट्यावर घट्ट रोवलेला होता.