समुद्रापलीकडची कामगिरी

“तो माणूस इतका वेळ बोलत होता, ताजबी. आणि तुम्ही एवढंच सांगितलंत?”

मनोरमाबाईंनी विचारलं अगदी सहज, पण नजर टीव्हीवरून काढून ताजबीच्या चेहऱ्यावर ठेवली. ताजबी गडबडली.

आखातात, अल मनखूल वस्तीतल्या त्या इमारतीत ताजबी दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि मनोरमाबाई चौथ्यावर, मुलाकडे. ताजबी मूळची दापोलीची, पण वाढली शारजात. शाळेत अरबी शिकलेली. तिच्या लहानपणी इमारतीतल्या सगळ्या पोरी खेळ टाकून जी जपानी कार्टून मालिका बघायला धावायच्या, ती आता तिला इंटरनेटवर सापडली होती. चित्रं जपानी, बोलणं अरबी. ताजबी एकेक वाक्य मराठीत सांगायची. नातवाला जेवताना कार्टून लावायची बंदी करणाऱ्या मनोरमाबाई रोज दुपारच्या चहाला इथे येऊन बसत, आणि घरी सांगत की खाली चालायला जाते.

गोष्ट जुन्या काळातली. दोन सरदारांचं वैर मिटावं म्हणून एकाची मुलगी, चियो, दुसऱ्याच्या घरात दिलेली. सासू तिला शत्रूची हेर समजायची, ती बागेत गेली तरी मागे दासी पाठवायची. नवरा मात्र हळूहळू तिचा झाला. तोच लढाईवर गेला होता, आणि आज त्याचा सेनापती एकटा परत आला होता.

“तो म्हणाला, मालक समुद्रापलीकडे गेलेत, मोठ्या कामगिरीवर,” ताजबीने पुन्हा सांगितलं. “चेरी फुलली की येतील.”

“जरा मागे घ्या.”

ताजबीने मागे घेतलं. मनोरमाबाईंनी चष्मा पुसून घातला. सेनापती अंगणात गुडघे टेकून बसला होता. हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. नोकरचाकर भिंतीशी उभे, आणि एकही जण चियोकडे बघत नव्हता. जी सासू आजवर तिच्यावरची नजर हलवत नव्हती, तिने तोंड फिरवलं होतं.

“एवढी मानाची कामगिरी आहे, तर सगळ्यांच्या माना खाली का?”

कार्टूनच ते ताई, असं काहीसं पुटपुटत ताजबी चहाचे कप उचलू लागली. एका कपात अजून चहा होता.

हे उगाच काहीतरी उचलणं मनोरमाबाईंच्या ओळखीचं होतं. गेल्या वर्षी पुण्याला जायला निघाल्या तेव्हा विमानतळावर मुलगा, कुशल, असाच सारखा बॅगा इकडच्या तिकडे करत होता. बाबा आयसीयूत आहेत, स्टेबल आहेत, म्हणत होता. विमानात त्या रामरक्षा म्हणत बसल्या होत्या. घरी पोचल्यावर दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला आणि कळलं, मुरलीधरराव आदल्या संध्याकाळीच गेले होते. विमानतळावर कुशलला माहीत होतं. सूनबाईला माहीत होतं. शेजारच्यांनासुद्धा. तेव्हापासून कुणी काहीही सांगितलं, की मनोरमाबाई आधी सांगणाऱ्याचे हात बघत.

“मला त्रास होईल म्हणून तुम्ही बदलून सांगताय,” त्या म्हणाल्या.

“अल्लाशप्पथ नाही, ताई.” ताजबी कप घेऊनच वळली. “माझं पाठ आहे हे. लहानपणापासून पाठ आहे. तो असंच बोलतो.”

मनोरमाबाईंनी पर्स घेतली आणि त्या चपलांकडे वळल्या. घरचे फसवतात ते पुरे होतं. बाहेर येऊन पुन्हा तेच कशाला?

जेवणाच्या टेबलावर ताजबीची भाची इनाया लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने कानातले हेडफोन काढले.

“आँटी, खाला खोटं नाही बोलत,” ती म्हणाली. “अरबीत तेच आहे. ओन्ली द वर्ड्स आर चेंज्ड. पिक्चर्स आर द सेम.”

मग तिने सांगितलं. ही मालिका ज्यावरून काढली ते मूळ कॉमिक तिने वाचलं होतं, इंग्लिशमध्ये. मुलींसाठीच काढलेलं, पण त्यात काही लपवलेलं नव्हतं. इकडे अरबी आवाज भरताना लहान मुलांना नको म्हणून मरण काढून टाकलं आणि समुद्रापलीकडची कामगिरी घातली. पांढऱ्या कापडात त्याच्या केसांची बट होती. प्रेताऐवजी तेवढीच घरी आली होती.

कप हातात तसेच धरून ताजबी सोफ्यावर बसली.

“मेला?” तिने विचारलं.

इनायाने मान डोलावली.

“आम्ही पोरी वाट बघायचो गो त्याची. मालिका संपली, तरी मी म्हणायची, आला असेल.” ती टीव्हीकडे बघत राहिली. “मला कुणी बोललंच नाही कधी.”

मनोरमाबाईंनी चपला काढल्या. परत येऊन ताजबीच्या हातातले कप घेतले, खाली ठेवले आणि तिला लागून बसल्या. माफी मागावी असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. टीव्हीवर चियो थांबवलेल्या चित्रात तशीच उभी होती, आणि बाकी सगळ्यांच्या माना खाली होत्या.

मग त्यांनी इनायाकडे पाहिलं. “त्या तुझ्या कॉमिकमध्ये चियोला कोण सांगतं?”

“मदर-इन-लॉ,” इनाया म्हणाली. “तिथेच, अंगणात. शी होल्ड्स बोथ हर हँड्स अँड जस्ट सेज इट.”

“सासू? जी हिला हेर समजते ती?”

“येस. तेव्हाही समजतच असते.”

“शत्रूच्या घरची पोर,” मनोरमाबाई म्हणाल्या, “तरी तिला सांगितलं.”