अंबाचा प्रवेश

“बीएड करून काय होणार आहे, ते मला एकदा समजावून सांग,” भुवना म्हणाली. तिनं तव्यावर पळीभर पीठ ओतलं आणि पळीच्या बुडानं डोसा गोल फिरवला. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरची निळी साडी ती आधीच नेसली होती.

 अंबा टेबलाशी बसून फाइलमधले कागद लावत होती. दहावी, बारावी, बीएस्सी केमिस्ट्री. मार्कलिस्टा लॅमिनेट केलेल्या होत्या, त्यामुळे एकमेकींवरून घसरत होत्या.

“बीएड, मग टीईटी, मग वाट बघत बसायचं. डी फार्म केलंस तर शिकून बाहेर पडताच नोकरी. आमच्या फार्मसीतल्या गुरुमूर्ती सरांशी बोलून ठेवलंय मी.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

“बीएड.”

“म्हणूनच नाही विचारलं.”

हॉलमध्ये तमिळ पेपर वाचत बसलेले वेंकटरमण हसले. घरात तेच सगळ्यांत मोठे; दोघीही त्यांना तात्या म्हणत. “फार्मसीचा एक फायदा आहे बरं का. गोळ्या उलट उत्तर देत नाहीत.”

“तात्या, तिला फूस लावू नका,” भुवना म्हणाली.

“अय्यो! मी तर तुझीच बाजू घेतली.”

भुवनानं गॅस बारीक केला आणि आवाजही. “हे बघ, अम्मा.” तंजावुरात लहान पोरींनाही लाडानं अम्मा म्हणतात. भुवनाच्या तोंडी हा शब्द असा मऊ होऊन आला, की पाठोपाठ हट्ट येणार हे अंबाला ठाऊक होतं. “मी काय जन्मभर तुझ्याजवळ असणार आहे? मी नसले की तुझं कसं होईल, या विचारानं मला झोप लागत नाही. वय थांबतं का कुणासाठी?”

प्रेमानं अडवणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. अंबानं फाइल मिटली. दाताखाली खडा यावा तसं तिला सकाळपासून होत होतं.

घराबाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, ती संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना केमिस्ट्री शिकवायची. एकदा लावण्या नावाच्या मुलीला आम्ल आणि अल्कली काही केल्या कळेना. अंबानं आतून हळद आणि चुना आणला आणि लग्नात ओवाळतात ते आरतीचं लाल पाणी केलं. मग त्यात लिंबू पिळलं. लाल पाणी पुन्हा पिवळं झालं. लावण्या आधी पाण्याकडे बघत राहिली, मग तिनं स्वतःच दुसऱ्या वाटीत चुना कालवायला घेतला. आपल्याला काय करायचंय, हे अंबाला तेव्हा समजलं होतं.

हे तिनं भुवनाला सांगून पाहिलं होतं. “चार पोरांना तिण्णैवर शिकवणं वेगळं,” भुवना म्हणाली होती, “वर्गातली पन्नास पोरं तुझी चटणी करतील.”

डोसे खाऊन दोघी निघाल्या. स्कूटर भुवनाच चालवत होती. “ओढणी सांभाळ, चाकात जाईल,” तिनं मागं न बघता सांगितलं. पापनाशमच्या रस्त्याला लागल्यावर पुन्हा म्हणाली, “तिथं मी बोलेन. ओटीपी माझ्या मोबाइलवर येऊ दे, तू घोळ घालशील.”

“मला बोलता येतं,” अंबा म्हणाली. वाऱ्यात ते भुवनाला ऐकू गेलं नाही. किंवा गेलंही असेल.

एकाच ट्रस्टची दोन कॉलेजं एकाच आवारात होती. डावीकडे फार्मसी, उजवीकडे शिक्षणशास्त्र, आणि मध्ये दोघांचं मिळून एक ऑफिस. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. काउंटरशी उभं राहायलाही जागा नव्हती. नंबर येईपर्यंत अंबाच्या हातातली फाइल घामानं चिकट झाली.

काउंटरमागच्या माणसानं मान वर न करता तमिळमध्ये विचारलं, “कुठला कोर्स?”

“डी फार्म,” भुवना म्हणाली.

“बीएड,” अंबा म्हणाली. ती इतक्या मोठ्यानं बोलली, की मागच्या रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

त्या माणसानं कीबोर्डवरचे हात उचलले आणि खुर्चीला टेकला. “सकाळपासून हेच चाललंय. आई एक म्हणते, मुलगी दुसरंच म्हणते.”

“सर, तिचं ऐकू नका,” भुवना घाईनं म्हणाली. “आमचं घरून ठरलंय. डी फार्मच.”

“घरून म्हणजे कुणी ठरवलं? शिकणार कोण आहे?” तो आता खरोखरच चिडला होता. “मायेच्या नावाखाली दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा, आणि तो माणूस चार महिन्यांनी कॉलेज सोडून गेला की आमच्याशी भांडायला यायचं. ज्याला शिकायचंय त्यानं बोलावं. बरोबर आलेल्यानं गप्प बसावं.”

 भुवनाचे कान लाल झाले होते. अंबानं तिला असं खाली मान घालून उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. आता पुन्हा अंबाच माघार घेणार होती. “जाऊ दे, भुवना,” ती हळूच घरच्या मराठीत म्हणाली. “डी फार्म तर डी फार्म.”

“तुम्ही मध्ये बोलू नका हो, मॅडम,” तो माणूस अंबाला म्हणाला, आणि भुवनाकडे वळून त्यानं आवाज मऊ केला. “घाबरू नको, अम्मा. आईकडे बघू नको. तुला काय शिकायचंय, ते तू सांग.”

भुवनानं मान वर केली. “बीएडच लिहा, सर,” ती म्हणाली. “मी पालक म्हणून आलेय. शिकायचंय माझ्या आईला.”