डबल रोल

बोलणाऱ्या बाळांच्या एका विनोदी सिनेमाचा दुसरा भाग पार आपटला. त्याला थिएटर मिळालंच नाही, तो थेट सीडीवर आला आणि ज्यांनी पाहिला त्यांनी शिव्या घातल्या. त्यात नऊ महिन्यांच्या हेरंबने बाळाचं काम केलं होतं. आई त्याला तो कधी पाहू देत नसे. "टुकार आहे रे," एवढंच म्हणायची.

तिशी उलटल्यावर हेरंबला तो यूट्यूबवर सापडला. रविवारी जेवणं झाल्यावर त्याने टीव्हीवर लावला. आई हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली.

पडद्यावर एका टबात दोन बाळं बसली होती, अगदी एकाच चेहऱ्याची. एक जाड पुरुषी आवाजात भेळ मागत होतं, दुसरं पाणी उडवत होतं.

"बाकी सगळं भिकार, पण माझा डबल रोल झकास जमलाय," हेरंब हसत म्हणाला.

"डबल रोल नाही तो," आई म्हणाली. "तो श्रीरंग. तुझा जुळा भाऊ. शूटिंग संपलं आणि पंधरा दिवसांत मेंदूज्वराने गेला. तुझे बाबा म्हणाले, हेरंबला कळू द्यायचं नाही. फोटोसुद्धा त्यांनीच जाळले."

हेरंबने सिनेमा थांबवला. त्याने विचारलं, "यातला मी कुठला?"

आई टीव्हीजवळ गेली. तिने एका चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. मग ती तिथेच खाली बसली.

"मला ओळखता येत नाहीये रे," ती म्हणाली.