ईश्वरीचा वर्ग

"जरा खाली वाक की गं. तुझ्या डोक्यानं सगळं क्षेत्रफळ झाकलंय," माणिकप्पा नातीच्या कानाशी पुटपुटले.

ईश्वरी वाकली. फळ्यावर लिहिणाऱ्या तिच्या आईनं, उज्वलानं, मागं वळून पाहिलं, तसा सासऱ्यांनी घाईनं पेपर तोंडासमोर धरला. पेपर गेल्या आठवड्यातला होता. ते काही शिकायला बसले नव्हते. पंखा त्या खोलीत होता, म्हणून बसले होते. सासूबाई, कस्तुराबाई, लसूण सोलायला बसल्या होत्या. सोललेला लसूण घरात एवढा साठला होता की अख्ख्या मुदखेडला फोडणीला पुरला असता. शेजारचे निजामोद्दीनचाचा घड्याळं दुरुस्त करायचे. ते रोज पेपर मागायला यायचे आणि दुपारी पेपर न नेताच घरी जायचे. एकदा यायला उशीर झाला तर दारातच अवघडून उभे राहिले, कुणी आत बोलवेपर्यंत.

शाळा होती ईश्वरीची. पहिलीत असताना रोज सकाळी तिचं पोट दुखायचं. शाळेच्या फाटकाशी ती ऑटोचा दांडा सोडायची नाही. शेवटी उज्वलानं तिला घरीच शिकवायचं ठरवलं. ती बी.एड. झालेली होती. नोकरी काही लागली नव्हती, पण खडूसाठी हात शिवशिवायचा. नवरा भीमाशंकर मालगाडीवर गार्ड. तो डबा उचलता उचलता म्हणाला, "कर." माणिकप्पांनी मात्र शिरूर अनंतपाळच्या झाडून साऱ्या पाहुण्यांना फोन केले होते. "सुनेनं पोरीचं वाटोळं करायला घेतलंय."

ते आता जुनं झालं. मागं उज्वलानं अंगणात रांगोळीची गोदावरी काढली होती. धरण कुठं बांधायचं यावरून माणिकप्पा, कस्तुराबाई आणि चाचा यांच्यात अशी जुंपली की ईश्वरी जेवून झोपली तरी भांडण मिटलं नव्हतं.

आणि आता ईश्वरीला शाळेत जायचं होतं. खरोखरच्या. रांग, डबा, घंटा, सगळं असलेल्या शाळेत. काल तिथल्या सरांनी तिला चार प्रश्न विचारले आणि "सोमवारपासून पाठवा" म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरात त्यावर कुणी अक्षर काढलं नव्हतं. उज्वलासुद्धा सकाळपासून तपासलेलीच वही पुन्हा तपासत होती.

"आई, मग मी सोमवारी जाऊ का?" ईश्वरीनं विचारलंच.

"ऊन लई हाय," कस्तुराबाई लसणाकडं बघत म्हणाल्या.

"आज्जी, जुलै हाय."

"त्येच की. पावसापाण्याची कुठं जाती?"

चाचांनी घसा खाकरला. "उधर की मॅडम मारती बेटा. हमारी पोती सदफ बोली."

"चाचा, सदफला तर मॅडमनी मॉनिटर केलंय."

"हां तो... मॉनिटरकोच जास्त मारते."

"हितं काय कमी हाय पोरीला?" माणिकप्पांनी पेपर खाली आपटला. "एवढा भरलेला वर्ग सोडून तिकडं कशाला जायचं?"

"वर्ग?" उज्वला म्हणाली.

"म्हंजे... खोली."

ईश्वरी उठून उभी राहिली. "मला भांडायला कुणीतरी पाहिजे! आजोबांशी भांडलं की ते जेवत न्हाईत. आज्जी खेळात मुद्दाम हरती. चाचांना पट्टीनं टोचलं तर ते उलटं मलाच चॉकलेट देतात. मला माझ्याएवढं कुणीतरी पाहिजे. मी टोचलं की मला टोचणारं!"

उज्वलाला आधी हसू फुटलं आणि मग डोळे भरून आले. दोन्ही एकाच पदराला पुसून ती म्हणाली, "जाशील गं. सोमवारी जाशील."

ईश्वरीनं जी उडी मारली ती लसणाच्या सुपातच. टरफलं पंख्याच्या वाऱ्यावर चढली आणि खोलीभर भिरभिरायला लागली. चाचांच्या दाढीत अडकली, कस्तुराबाईंच्या अंबाड्यावर बसली. ईश्वरी त्यांच्यातून गरगर फिरत होती. "मी रांगेत उभी राहणार! मी डबा सांडणार! मी कट्टी घेणार!" तिनं आजीला धरून फिरवलं, चाचांना धरून फिरवलं. आजोबांना धरायला गेली तर ते भिंतीला टेकून दम लागल्यासारखे बसले होते. ते फिरलेसुद्धा नव्हते.

"चला," उज्वला मोठ्यानं म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं. तिनं डस्टर उचललं. "झालं मग. ही शाळा आजपासून बंद."

तिनं फळा पुसायला सुरुवात केली. आयताची लांबी गेली. रुंदी जायला लागली.

"थांब!"

एकदम तीन आवाज आले. उज्वला वळली. कस्तुराबाई टरफलं गोळा करायला वाकल्या. चाचांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं.

"काय झालं, मामा?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"काय न्हाई. त्ये... पंख्याचं म्हणून राहिलो होतो."

"पंखा चालूच राहील की. फक्त शाळा बंद."

डस्टर पुन्हा फळ्याकडं वळलं.

तसे माणिकप्पा उठले. पोरं वर्गात उभी राहतात तसे, हात बाजूला सोडून ताठ उभे राहिले. कस्तुराबाईंनी डोळे मिटून घेतले.

"बाई," माणिकप्पा म्हणाले, "पोरीचं नाव कमी करा. आमचं कशाला कमी करून राहिल्या?"