इतिहासवालीच्या तळटिपा

“हे बघा मॅडम, हे यांचं प्रोग्रामिंग!” सरांनी इतिहासवालीचे कागद सगळ्या वर्गासमोर फडकवले.

विभागप्रमुख मॅडम पहिल्या बाकावर बसल्या होत्या. सरांनीच त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. यंदापासून प्रोग्रामिंगचा वर्ग सगळ्या शाखांना खुला झाला होता, आणि सरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. गणितवाले, भौतिकवाले ठीक. पण संगीतवाले, इतिहासवाले, झाडपाल्यावाले? या बाजारबुणग्यांना सर शेवटच्या रांगेत बसवत. तिथले दोन संगणक सुरूच होत नसत, पण त्यांना काय फरक पडणार होता? आज मॅडमची खात्री पटताच इतिहासवाली नक्कल केल्याबद्दल नापास होणार होती, आणि पुढच्या वर्षीपासून शेवटची रांग कायमची बंद.

पुरावा मुलीने स्वतःच आणून दिला होता. निकालपत्रक तयार करण्याच्या प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीखाली तिने तळटीप लिहिली होती, ही ओळ कुठून घेतली त्याची. इतिहासात म्हणे असंच करतात. गणितवाल्यांचे तेवीस प्रोग्राम एकमेकांसारखे हुबेहूब होते, अगदी चुकांसकट. पण कुठून घेतलं ते त्यांनी लिहिलं नव्हतं, म्हणून सरांच्या लेखी ती पोरं हुशार होती.

“कबुलीजबाबच आहे हा. वाचूनच दाखवतो.”

“सगळा वाचा,” मॅडम म्हणाल्या.

आंधळा मागतो एक डोळा! सरांनी पहिलं पान चाळूनच निकाल लावून टाकला होता. बाकीचं वाचायची तसदी कोण घेतो? त्यांनी घसा साफ केला. “ओळ पहिली: सरांचा तास, दुसरा आठवडा. ओळ चौथी: वनस्पतिशास्त्राची मैत्रीण, जेवणाच्या सुट्टीत.” पुढच्या रांगा खो खो हसल्या. इतिहासवाली मान खाली घालून बसली होती. तिचे लाल झालेले कान बघून सरांना बरं वाटलं.

“ओळ नववी: सरांनी लिहिलेलं पुस्तक, पान बावन्न. एक ते सोळा मोजायचं, पुन्हा एकपासून सुरू. निकालपत्रकाच्या प्रोग्राममध्ये या ओळीचा काहीही उपयोग आढळत नाही.” सर हसले. “आढळत नाही म्हणे! सोळा हा संगणकाचा लाडका आकडा, हे हिला कोण सांगणार?”

आठ वर्षं सर ही ओळ शिकवत होते. ती कशासाठी, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. हुशार मुलं विचारत नाहीत, लिहून घेतात.

“कशासाठी आहे ती ओळ?” मॅडमनी विचारलं.

“असू द्यावी लागते, मॅडम.”

“बरं. पुढे?”

सरांनी पान उलटलं. आवाज अजून खणखणीत होता, आणि जीभ डोळ्यांच्या पुढे धावत होती. “मूळ साधन: विभागाच्या कपाटातला जुना प्रकल्प, पुस्तकाच्या एक वर्ष आधीचा. विद्यार्थिनी संगीत शाखेची. विषय: गाण्याच्या सोळा मात्रा मोजणारा प्रोग्राम. तिथे मात्र ही ओळ आवश्यक आहे.”

शेवटच्या रांगेतून एक झाडपाल्यावाला फिस्सकन हसला. सरांनी कागदाची घडी घातली.

“बाकी काही विशेष नाही,” ते म्हणाले.

“सगळं वाचायचं ठरलंय ना?” मॅडमनी वही उघडून पेन काढलं.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सरांना वाटलं. पण फरशी पक्की होती. त्यांनी घडी उलगडली आणि पुटपुटत वाचलं.

“त्या प्रकल्पावर शेरा आहे: गाणं-बजावणं करणाऱ्यांना प्रोग्रामिंग कळत नाही. नापास. खाली परीक्षकाची सही आहे. ती कुणाची, हे सरांना विचारून नक्की करायचं राहिलं आहे.”